अंगण सरळ झालं, आता नाचा

धुळे-जळगाव रस्ता बराचसा चौपदरी झाला आणि आमच्याकडच्या पुष्कळ गाड्या आजारी निघाल्या. आधी त्या ठणठणीत होत्या असं नव्हे. पण हा आजार दिसायला जो वेग लागतो, तो रस्ता देतच नव्हता. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी ही माळ ज्यांनी जुन्या सहा नंबरवरून जपली आहे, त्यांच्या लेखी मीटरवरचे ऐंशीच्या पुढचे आकडे निव्वळ शोभेचे होते. काटा साठाकडे सरकला रे सरकला, की पुढे केळीचा ट्रक, मागे कापसाचा ट्रक आणि मधे नेमका आपल्या चाकाच्या मापाचा खड्डा. (२०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले आणि सहाचा त्रेपन्न झाला. तो पाट्यांवर झाला. चहाच्या टपरीवर अजून सहाच आहे.)

त्यामुळे ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण खानदेशातल्या ड्रायव्हरला कधी लागूच पडली नाही. अंगण खरोखर वाकडं होतं. स्टेअरिंग हललं तर रस्ता खराब, गाडी एका अंगाला ओढली तर रस्ता खराब, पाठ धरली तर रस्ता खराब, अक्षता पडून गेल्यावर मांडवात पोचलो तरी रस्ता खराब. एवढं सर्वगुणसंपन्न कारण माणसाला आयुष्यात दुसरं मिळत नाही. ते गेलं याचं दुःख करणारी माणसं मी पाहिली आहेत.

अंगणाचाही बिचाऱ्याचा सगळा दोष नव्हता. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वैशाखात आटून अशी भेगाळते, की भेगेत काठी घातली तर हातभर आत जावी. तिच्यातल्या चिकणमातीला शास्त्रज्ञ मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. ही माती पाणी आपल्या थरांच्या मधे धरून ठेवते, आणि सोडायची वेळ आली की आकसते. खालचा पाया नीट न करता वर डांबर अंथरलं तर ते डांबर तिच्या मर्जीने वरखाली होत राहतं आणि रस्त्याला लाटा येतात. समुद्र नसलेल्या जिल्ह्याला लाटा पुरवण्याचं काम बांधकाम खात्याने अनेक वर्षं निष्ठेने केलं. याच त्रेपन्न नंबरवर, पण तिकडे अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ती बातमी वाचून आम्हाला आनंद झाला. चुलत भावाच्या मुलाला परदेशात नोकरी लागल्यावर होतो तेवढा.

असो. अंगण एकदाचं सरळ झालं आणि नाचणाऱ्यांची पंचाईत झाली.

माझ्या मेहुण्याची यावल तालुक्यात केळीची बाग आहे आणि दारात फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. गाडीचं नाव सांगत नाही. ते सांगितलं की निम्मे वाचक तिच्या बाजूने आणि निम्मे तिच्या विरुद्ध उभे राहतात आणि मूळ मुद्दा बांधावर राहतो. शहरात या जातीच्या गाड्या खूप दिसतात, पण त्यांचा तो गिअरच्या शेजारचा धाकटा दांडा, टू-एच, फोर-एच, फोर-एल असं लिहिलेला, मालकाने शोरूममध्ये हौसेने एकदा पाहिलेला असतो आणि पुढे त्यावर मास्क नाहीतर रुमाल लटकतो. मेहुण्याच्या दांड्यावरची अक्षरं मात्र पुसत आली आहेत. जुलैत बागेत घडांची कापणी चालू असली आणि वरून पाऊस असला, की साधी गाडी शिवारात शिरते ती ट्रॅक्टर बोलावण्यासाठीच. तेव्हा हा पठ्ठ्या फोर-एल टाकून बागेच्या पार टोकाला जातो आणि मजुरांचे डबे पोचवून येतो. डबे मोटरसायकलवरही गेले असते, असं माझी बायको म्हणते. तिच्या भावाबद्दल ती म्हणू शकते. मी म्हणत नाही.

तर या गाडीचं स्टेअरिंग थरथरायला लागलं. गावात नाही, ऐंशीपर्यंतही नाही. नव्वदला सुरू व्हायचं, पंचाण्णवला शिगेला पोचायचं आणि एकशे दहाच्या आसपास आपोआप शांत व्हायचं. स्टेअरिंगवर ठेवलेल्या हातातली अंगठी त्या प्लॅस्टिकवर टकटक वाजायची. डॅशबोर्डवर त्याने पद्मालयाची तसबीर चिकटवली आहे. एरंडोलजवळच्या त्या देवळात एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. नव्वदच्या वेगाला तसबिरीत चार दिसायचे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गावर कारसाठी ताशी १०० ची मर्यादा घालून दिली. म्हणजे थरथर टाळायची तर एकतर नव्वदच्या आत राहायचं, नाहीतर कायदा मोडायचा. मेहुण्याने बरेच दिवस दुसरा उपाय केला आणि वर त्याला नाव दिलं ‘गाडी मोकळी करणं’. मी शेजारी बसलेलो असलो की म्हणायचा, “दाजी, डोंगराची गाडी आहे. ती थोडी हलणारच. तुम्ही काचेतून बाहेर बघा ना.”

मग घरच्यांनी ओरड केली आणि निदानाला सुरुवात झाली.

खानदेशात निदानासाठी गाडी कुठे न्यावी लागत नाही. ती दारात उभी करून बॉनेट उघडलं की पुरे. कॉलनीतले निवृत्त एसटी ड्रायव्हर आधी आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरवर चप्पल मारली आणि म्हणाले, “आमच्या वेळी स्टेअरिंग थरथरलं नाही की आम्ही समजायचो, इंजिन बंद पडलंय.” मग त्यांनी शहादा डेपोतल्या एका गाडीची हकिकत सांगितली, ती चहा होऊनही संपली नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी कामाची सांगितली. जुन्या जीपगाड्यांना पुढे एकसंध अ‍ॅक्सल असतो, आणि त्यातली किंगपिन किंवा एखादा रॉड सैल झाला तर खड्ड्यावरून उतरताक्षणी स्टेअरिंग हातातून सुटून डावी-उजवीकडे फटके मारायला लागतं. तो प्रकार थरथरीचा नव्हे. तिथे वेग वाढवून बघायचं नाही, ब्रेक कचकन दाबायचा नाही, स्टेअरिंग घट्ट पण शांतपणे धरून वेग कमी करत कडेला थांबायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपपासून, जिची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत सुरू केली, या घराण्याला ही खोड माहीत आहे. आमच्याकडे काळी-पिवळी जीपमध्ये ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून बसायचा, त्याचं एक कारण सीटवर चौघं बसलेली असत हे होतंच. दुसरं हेही असावं, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

त्यानंतर जळगावच्या अजिंठा चौफुलीकडचं एक अलाइन्मेंट सेंटर. नाव घेत नाही. तिथे कॉम्प्युटर होता, आणि ज्या दुकानात कॉम्प्युटर असतो तिथे गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही. चारही चाकांना चिमटे लावले, पडद्यावर लाल रेघा आल्या, पोराने खाली वाकून काहीतरी फिरवलं, रेघा हिरव्या झाल्या. छापील कागद मिळाला. मेहुणा तो कागद घरी येईपर्यंत बारावीच्या गुणपत्रिकेच्या वर वाचत होता. थरथर होती तिथेच राहिली, कारण अलाइन्मेंटचं आणि थरथरीचं फारसं नातंच नाही. चाकं वाकडी-तिरकी पडली असतील तर गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने झिजतो. सेकंदाला दहा वेळा थरथरायचं काम तिथून सहसा होत नाही. पण आपल्याकडे ‘अलाइन्मेंट करून टाका’ हा सल्ला पोट दुखलं की ओवा चाव म्हणावं इतक्या सहज दिला जातो.

दुसऱ्या खेपेला त्याच पोराने स्वतःहून सांगितलं, “बॅलन्सिंग पण करून घ्या ना काका.” चाक मशिनवर चढवून गरगर फिरवलं. पुढचं डावं चाक पाहून पोराच्या भुवया वर गेल्या. आकडा एवढा मोठा आला, की त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच. मग रिमच्या आतल्या बाजूला त्याने शिशाचे तुकडे चिकटवायला घेतले, एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. शेवटी मशीनवर शून्य आलं आणि पोराने घाम पुसला. त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. शंभरावर गाडी गुळगुळीत. गणपती दोनच.

चार-आठ दिवस बरे गेले. मग थरथर परत आली, आणि या खेपेला जास्तच.

इथून पुढे ज्याचं जे दुकान, त्याला तो रोग दिसला. टायरवाला म्हणाला, मोठ्या नक्षीचे हे मड टायर हायवेला चालतच नाहीत. नवे घ्या, जुन्याचे मी पैसे देतो. त्याचं अर्धं खरं होतं. असे टायर डांबरावर आवाज करतात, वेळेवर अदलाबदल केली नाही तर त्यांच्या गोट्या उंचसखल झिजतात आणि भणभण सुरू होते. शिवाय आमच्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात गाडी महिनाभर एका जागी उभी राहिली तर टायर खालून चपटा होऊन बसतो. पण तो चपटेपणा सहसा काही किलोमीटर पळवल्यावर जातो, आणि ही थरथर पाळधीपासून पारोळ्यापर्यंत इमानाने सोबत करत होती.

शोरूमच्या सर्व्हिसमध्ये गेलो तर तिथे टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने टॅब्लेटवर काहीतरी भरलं, गाडी एक चक्कर फिरवून आणली (शहरातूनच, म्हणजे चाळीसच्या आत) आणि म्हणाला, “सर, लॅडर फ्रेम आहे. हे या गाडीचं कॅरेक्टर आहे.” दोष काढता आला नाही की त्याला स्वभाव म्हणायचं, ही पद्धत मला सोयरिकीच्या बैठकीतून माहीत होती. वर्कशॉपमध्ये ती पोचल्याचं माहीत नव्हतं.

धुळ्याचा अनुभव वेगळा. सर विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे, धुळ्याला इंजिनिअर म्हणून काम केलं होतं. पांझरेच्या पाटासाठी त्यांनी बांधलेल्या सायफनचा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो. तेव्हापासून धुळ्यात प्रत्येक जण थोडाफार इंजिनिअर आहे. पारोळा रोडवरच्या एका नामांकित सस्पेन्शनवाल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि पहिल्यांदाच कोणीतरी चाकाला हात लावून पाहिला. वर-खाली धरून हलवलं: खुळखुळलं तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं: खुळखुळलं तर टायरॉड. टॉमी घालून बुश दाबून बघितले. टायरॉडमध्ये त्यांना केसभर ढिलाई सापडली आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही टायरॉड एंड बदलले, बुश बदलले, बिल झालं, आणि आम्ही लळिंगच्या किल्ल्याकडे तोंड करून ट्रायल घेतली. थरथर होतीच. उलट सांधे घट्ट झाल्यामुळे आता ती मधे कुठे न अडता स्वच्छ हातात येत होती. मेहुणा म्हणाला, “फरक पडला, दाजी.” पैसे मोजलेल्या माणसाला फरक पडतोच.

माझं म्हणणं एवढंच होतं, की या सगळ्या मंडळींनी उत्तरं भरपूर दिली, प्रश्न कोणी विचारला नाही. वास्तविक थरथर स्वतःच आपला पत्ता सांगत असते. हातात आली तर बहुतेक पुढची चाकं. बुडाखाली, सीटमधून आली तर मागची चाकं नाहीतर शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर ब्रेकची डिस्क लचकलेली. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर बदलली तर शाफ्टचे सांधे, ज्याला आमचे मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. फोर व्हील ड्राइव्हला हे दुखणं दुप्पट, कारण मागे एक शाफ्ट आणि पुढेही एक. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक असते, अंगठी वाजवण्यापेक्षा दाताला झिणझिण्या आणणारी. जुन्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध फ्री-लॉकची चकती असते. ती लॉक राहिली तर टू-एचमध्येही पुढचा शाफ्ट फुकट फिरत राहतो. फ्री करून तीच सडक तुडवली आणि थरथर गेली तर गुन्हेगार पुढचा शाफ्ट. आणि कोरड्या डांबरावर फोर-एच लावून जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं! वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधला ट्रान्स्फर केस त्यांना एकत्र बांधून ठेवतो, आणि गाडी स्वतःशीच कुस्ती खेळते. असा एक गृहस्थ मला जळगावात भेटला. त्याला वाटायचं, चारही चाकांना ताकद दिली की अ‍ॅव्हरेज वाढतं.

चाकाचं गणित तर पाटीपेन्सिलीवर होण्यातलं. मेहुण्याच्या टायरचा घेर दोन मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला दहा वेळा फिरणार. आता रिमच्या एका बाजूला ५० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ५० ग्रॅम म्हणजे पाच तोळे, आणि पाच तोळ्यांनी घरात केवढी उलथापालथ होते हे सराफ बाजाराच्या गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मध्यापासून वीतभर अंतरावर बसलेले हे पाच तोळे नव्वदच्या वेगाला सुमारे चार किलोच्या जोराने चाकाला ओढतात. एकदा पुढे, एकदा मागे, सेकंदाला दहा वेळा. वेग निम्मा केला तर हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून गावात पत्ता लागत नाही. आणि नव्वद-पंचाण्णवलाच का, तर स्प्रिंग, रबरी बुश आणि टायर यांची मिळून डुलायची एक ठरलेली लय असते. चाकाचे धक्के त्या लयीला जुळले की थरथर चढते, पुढे निघून गेले की उतरते. मेहुण्याची ‘गाडी मोकळी करणं’ ही थिअरी एवढ्यापुरती शास्त्रशुद्ध होती.

शेवटी निदान झालं ते कोणी केलं म्हणून नाही. खिळा घुसला म्हणून. थंडीचे दिवस होते. पारोळ्याच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. स्टेपनी लावून रडतखडत एका पंक्चरवाल्याकडे पोचलो. पत्र्याचं छप्पर, काळी पडलेली पाण्याची घमेली, कॉम्प्रेसर आणि एक वयस्क माणूस. त्याने पंक्चर सोडून आधी चौकशी सुरू केली, बहुधा मेहुणा तोवर फोनवर कुणाला तरी थरथरीचीच कथा सांगत होता म्हणून.

“काय व्हयनं, भाऊ? स्टेअरिंग हालस का?”

“हो ना. नव्वदला.”

“ब्रेक मारावर, का तसंच?”

“तसंच.”

“सीट हालस का नुसतं स्टेअरिंग?”

“नुसतं स्टेअरिंग.”

“पावसामा वावरमा गयथी का गाडी?”

मेहुण्याने अभिमानाने बागेचं वर्णन केलं. फोर-एल, मजूर, डबे, सगळं. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतलं, चाक उताणं पाडलं, आणि रिमच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी वाकून बघत नाही आणि जिथे वॉशिंगवाल्याचा फवारा पोचत नाही, तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. खट्ट आवाज आला. तिथे लोखंड नव्हतं आणि रबरही नव्हतं. दुसऱ्या खेपेला एक जाड कपची सुटून घमेल्यात पडली. काळी, कडक, एका बाजूला रिमची गोलाई हुबेहूब उमटलेली, दुसऱ्या बाजूला केळीच्या वाळक्या पानाची चिरफळी रुतलेली. जुलैत गेलेला चिखल आत बसला होता आणि उन्हाने त्याची वीट झाली होती.

“हाई देखा,” म्हातारा म्हणाला. “अर्धं वावर गाडीमा लई फिरी ऱ्हायनात, भाऊ.”

शेजारी भरताच्या वांग्यांची हातगाडी होती. मेहुण्याला राहवेना. त्याने त्या कपच्या वांगेवालीच्या तागडीत टाकल्या. ती आधी रागावली, मग तिलाही कुतूहल वाटलं आणि तिने वजन टाकलं. पाव किलोला थोडं कमी भरलं. वीस-बावीस तोळे! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही मिळालं. ज्या मातीत दोन्ही पिकतात ती तेवढी मानांकनावाचून राहिली होती. ती अशी तागडीत बसून आपलं माप घेऊन गेली.

आता कोडं उलगडलं. अलाइन्मेंटवाल्या पोराच्या मशीनवर जो अचाट आकडा आला होता तो या ढेकळाचा होता. चाक धुऊन, खरवडून मग मशीनवर चढवायचं हा धंद्यातला पहिला नियम. पोराने ढेकळासकट चाक चढवलं आणि ढेकळाच्या समोर तेवढं शिसं लावलं. मशीन प्रामाणिक. त्याने शून्य दाखवलं. पुढे कुठल्या तरी गतिरोधकावर ढेकळाचा एक तुकडा पडला, शिसं मात्र होतं तिथेच राहिलं, आणि तोल पुन्हा गेला. आता तर सगळं ढेकूळ गेलं होतं आणि त्याच्या विरोधात उभं केलेलं शिसं एकटंच रिमला चिकटून बसलं होतं. म्हातारा त्याकडे बोट दाखवून म्हणाला, तेही काढून टाका, नाहीतर परत हालंल.

मेहुणा म्हणाला, “शिसं कशाला काढता? ते पैसे देऊन लावलंय.”

त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. शेतकऱ्याच्या हिशेबात चिखल आपोआप येतो, शिशाची पावती असते. आम्ही शिशासकट निघालो. एरंडोल यायच्या आधीच, अवघ्या ऐंशीला, स्टेअरिंगने असा काही हात हलवला की तसबिरीतले गणपती मोजायचं मी सोडून दिलं. जळगाव येईपर्यंत आम्ही सत्तरच्या आत आलो. केळीचे ट्रक आम्हाला ओलांडून जात होते आणि एका ट्रकच्या क्लीनरने मेहुण्याला हात करून पुढे जायला मदत हवी का, असं खुणेने विचारलं. ते त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी चारही चाकं काढून आतून खरवडली. मागच्या चाकांतही थोडंथोडं वावर निघालं. जुनं सगळं शिसं काढलं, मग बॅलन्सिंग केलं. पुढच्या डाव्या चाकाला एवढं कमी शिसं लागलं, की पोराला संशय येऊन त्याने मशीन पुन्हा बंद-चालू केलं. तेव्हापासून गाडी शंभराला शांत आहे. वरचा वेग मी मोजलेला नाही आणि मेहुण्याने सांगितला तरी लिहिणार नाही.

मात्र तेव्हापासून मेहुणा शांत राहिलेला नाही. त्याच्या हाती आता विद्या लागली आहे. लग्नात, दशक्रियेला, बाजार समितीच्या आवारात, कुठेही कुणी गाडीची तक्रार सांगितली की तो शेवटपर्यंत ऐकून घेतो, मान डोलावतो आणि विचारतो, “चाक काढून आतून बघितलं का?” गाडी पेट्रोल जास्त पिते? चाक काढून बघितलं का? एसी थंड करत नाही? चाक काढून बघितलं का? त्याच्या डिकीत आता टॉमी आणि मोठा स्क्रू-ड्रायव्हर कायम असतो.

परवा धुळ्याला एका साखरपुड्यात आमच्या कॉलनीतले बँकवाले साहेब भेटले. त्यांची छोटी पांढरी कार. साहेब दुःखाने म्हणाले, ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं, एरवी काही नाही. मी तोंड उघडून ‘डिस्क’ म्हणणार, तेवढ्यात मेहुण्याने माझ्या हातावर हात ठेवला.

“चिखल,” तो म्हणाला.

“अहो, कसला चिखल?” साहेब म्हणाले. “माझी गाडी शेतात कशाला जाईल? वर्षभरात आज पहिल्यांदा गावाबाहेर काढली. एरवी घर ते बँक, बँक ते घर. जळगाव शहरातच असते सगळा वेळ.”

मेहुण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“तेच तर,” तो म्हणाला, आणि टॉमी आणायला गेला.